क्लोफायब्रेटची कसोटी

ट्रायग्लिसराइड, म्हणजे आहारातून आलेली किंवा यकृताने तयार केलेली व रक्तातून वाहणारी चरबी, कमी करणाऱ्या औषधांचा इतिहास नायसिन या जीवनसत्त्वापासून सुरू होतो. 1955 मध्ये कॅनडातील आल्टशूल, हॉफर आणि स्टीफन यांनी त्याच्या मोठ्या मात्रेने कोलेस्टेरॉल उतरते असे दाखवले, परंतु चेहरा लालबुंद होऊन अंगाची आग होत असल्याने अनेक रुग्णांना ते सोसवत नसे. त्यामुळे 1960च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने आणलेले क्लोफायब्रेट डॉक्टरांनी मोठ्या आशेने स्वीकारले. या औषधाची खरी कसोटी एडिंबरा, प्राग आणि बुडापेस्ट येथील पुरुषांवर झालेल्या चाचणीत लागली. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जीवघेणे नसलेले हृदयविकाराचे झटके घटले, पण औषध घेणाऱ्यांत पित्ताशयातील खडे आणि एकूण मृत्यूही वाढले. तपासणीतला आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, हे गृहीतक त्या निष्कर्षांनी मोडून काढले, आणि हीच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागते. क्लोफायब्रेटच्याच वर्गातील जेमफायब्रोझिल हे सेरिव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधासोबत दिल्यास स्नायूंच्या पेशी नष्ट होऊन मूत्रपिंडांवर आघात होऊ शके. अशा दुष्परिणामांमुळे 2001 मध्ये सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घेण्यात आले. मद्य थांबवणे, साखर कमी करणे, वजन उतरवणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे हे उपाय मात्र या साऱ्या काळात टिकून राहिले, तथापि ट्रायग्लिसराइड अतिशय वाढून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असेल तेव्हा आहारासोबत आजही बहुधा औषध द्यावे लागते.