धातू, खच्ची आणि हॉर्मोन : सातारा-सांगलीकडील पौरुषवाचक शब्दांचा विचार

१

पुरुषाच्या वृषणग्रंथींतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या द्रव्याची उणीव औषधाने भरून काढण्याचा उपचार १९३५ नंतरच शक्य झाला. ज्या अवस्थेवर हा उपचार केला जातो तिच्याविषयीची मराठी भाषा मात्र फार जुनी आहे. ती गोठ्यात घडली, वैद्यांच्या पोथ्यांत घडली आणि तालमीतही घडली. नवे औषध या जुन्या शब्दांच्या द्वारेच रुग्णापर्यंत पोहोचते. शब्दांनी जे एकत्र बांधले आहे ते शरीरात वस्तुतः एकत्र नसेल, तर औषध चुकीच्या हेतूने घेतले जाण्याचा आणि योग्य हेतूनेही न घेतले जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या परिसरापुरता या शब्दांचा मागोवा घ्यावयाचा आहे. सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास आजचे नाव मिळाले. तत्पूर्वी हा मुलूख ब्रिटिश सातारा जिल्हा आणि औंध, सांगली, मिरज, जत आदी संस्थाने यांत विखुरलेला होता. म्हणून दोन्ही जिल्ह्यांचा विचार येथे एकत्रच केला आहे.

२

प्रथम गोठ्याकडे वळू. या भागातील खिल्लार जनावरांची कीर्ती जुनी असून त्या जातीच्या पोटभेदांना ‘म्हसवड’ व ‘आटपाडी महाल’ अशी येथलीच नावे मिळालेली आहेत. अशा प्रदेशात नराच्या अवस्थांसाठी निरनिराळे शब्द असावेत हे साहजिकच होय. गोऱ्हा, खोंड, वळू आणि बैल हे चार शब्द केवळ वयाचे टप्पे दाखवीत नाहीत. ‘खोंड’ आणि ‘बैल’ यांच्यामध्ये एक क्रिया उभी आहे. तिला लोक बडवणे, ठेचणे अथवा खच्ची करणे असे म्हणतात. पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यांतून चिमट्याने नस दाबण्याची पद्धत रूढ झाली. शब्द मात्र तेच राहिले.

यांपैकी ‘खच्ची’ हा शब्द अरबी ‘खसी’ या शब्दापासून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. आज तो गोठ्यापेक्षा वृत्तपत्रांत अधिक दिसतो. मनोधैर्याचे खच्चीकरण, कार्यकर्त्यांचे खच्चीकरण, असे प्रयोग करणाऱ्यास मूळ क्रियेची आठवणही नसते. तथापि या लाक्षणिक अर्थामागील समजूत ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रंथी गेल्या की तेज गेले, जिद्द गेली, मनुष्य नमला, असा हा एक अखंड समीकरणाचा अर्थ आहे.

शेतकऱ्याचे निरीक्षण खोटे नव्हते. खोंड लहानपणी खच्ची केल्यास त्याची मान भरत नाही, वशिंड वाढत नाही, स्वभाव निवतो. म्हणूनच योग्य वय येईपर्यंत थांबण्याचा प्रघात पडला. परंतु या क्रियेत प्रजननशक्ती आणि नराची अंगलक्षणे ही दोन्ही एकदमच जातात. दोन वस्तू नेहमी बरोबरच नाहीशा होत असतील, तर त्या दोन आहेत हे पाहणाऱ्यास कळावे कसे? भाषेने त्यांना एक मानले यात नवल नाही. संस्कृत कोशांत ‘षण्ड’ या एकाच शब्दास मोकाट सोडलेला वळू आणि नपुंसक असे दोन टोकाचे अर्थ दिलेले आढळतात. त्यांतील पहिला अर्थ ‘सांड’ या शब्दात आणि दुसरा ‘षंढ’ या शिवीत आजही जिवंत आहे.

३

वैद्यकशास्त्रातील शब्द अधिक सूक्ष्म आहेत. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र या सात धातूंपैकी शुक्र हा शेवटचा आणि म्हणून सर्वांचे सार मानलेला धातू. ‘धातु’ या शब्दाचा मूळ अर्थ धारण करणारा असा असून तो सातांनाही लागू आहे. बोलीत मात्र या व्यापक शब्दाचा संकोच होऊन ‘धातू’ म्हणजे केवळ वीर्य असा अर्थ रूढ झाला. ‘धातू जाणे’, ‘धातुपुष्ट औषध’ हे प्रयोग त्याचेच द्योतक आहेत.

या संकोचात एक महत्त्वाची गोष्ट हरवली. सुश्रुतसंहितेत शुक्र हे सर्व शरीरात व्यापून असते असे सांगताना दुधातील तुपाचा आणि उसाच्या रसातील गुळाचा दृष्टान्त दिला आहे. अर्थात शास्त्रकारांच्या मनात बाहेर पडणाऱ्या द्रवाहून भिन्न, देहभर पसरलेल्या अशा काही अंशाची कल्पना होती. ती आधुनिक हॉर्मोनाची कल्पना होती असे म्हणणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास करणे होय. परंतु लोकभाषेने या दोन अंगांपैकी दृश्य तेवढेच ठेवले, एवढे निश्चित म्हणता येते. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात, वाजीकरणाच्या अध्यायात, बोकडाच्या वृषणांसह उकळलेल्या दुधात तीळ भिजविण्याचा योग आहे. अवयवाची उणीव त्याच अवयवाने भरावी हा विचार पुढे युरोपातही वेगळ्या रूपाने प्रकट झाला, हे आपण पाहणारच आहोत.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या परिसरात पौरुषाची चर्चा नव्या उत्साहाने झाली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले व त्यांवर ग्रंथ लिहिला. औंध येथेच स्वाध्याय मंडळ चालविणारे पं. श्री. दा. सातवळेकर हे १९४८ साली पारडीस जाईपर्यंत आसने, ब्रह्मचर्य इत्यादी विषयांवर लेखन-प्रकाशन करीत होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते याच भागातील तालमींच्या परंपरेतून. ‘लंगोटाचा पक्का’ हा वाक्प्रचार त्या परंपरेचा आहे. त्यात व्यायाम, संयम आणि चारित्र्य यांची सांगड वीर्यरक्षणाशी घातलेली दिसते. या शिस्तीने पुष्कळ तरुणांची शरीरे घडली हे मान्य करूनही म्हणावे लागते की, तिच्या भाषेत अशक्त पुरुष हा रोगी असू शकतो या कल्पनेला जागा नव्हती. तो दोषीच ठरत असे.

या भाषेला उघड आव्हान दिले ते मुंबईहून. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वीर्यनाशाने शक्ती जाते ही समजूत निराधार असल्याचे वारंवार प्रतिपादिले आणि वाचकांच्या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते, ज्यांचे बालपणीचे काही शिक्षण सातारा येथे झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला कर्वे हरले. धातू जाण्याच्या भीतीने खंगणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेस १९६० साली डॉ. नरेंद्र विग यांनी वैद्यकीय नाव दिले. त्या नावातही ‘धात’ हाच शब्द आहे.

५

या काळात प्रयोगशाळांत काय घडत होते? १८४९ साली गटिंगेन येथे बेर्टोल्ड याने कोंबड्यांची वृषणे काढून ती त्यांच्याच उदरात इतरत्र बसविली, तेव्हा त्यांचा तुरा आणि बांग कायम राहिली. अर्थात परिणाम रक्तावाटे होत होता. १८८९ साली पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार याने कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून तारुण्य परतल्याचे जाहीर केले, आणि १९२० पासून व्होरोनोव्ह हा वानरांच्या ग्रंथींचे तुकडे धनिकांच्या देहात बसवू लागला. दोन्ही उपचार निष्फळ होते. वृषणात हे द्रव्य फारसे साठून राहत नाही आणि पाण्यात ते जवळजवळ उतरत नाही. १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या सहकाऱ्यांनी वळूंच्या सुमारे शंभर किलो वृषणांतून जेमतेम दहा मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळविले. वळूचा पौरुषाशी असलेला संबंध अशा रीतीने गोठ्यातून रसायनशास्त्रात गेला. त्याच वर्षी बूटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीतीने बनविले, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यात आले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा शोध १९०३ सालचा आहे. बुआँ आणि आन्सेल या फ्रेंच संशोधकांनी दाखविले की, शुक्रबीज तयार करणारा नलिकांचा भाग नष्ट झाला तरी मधल्या पेशी शाबूत असल्यास नराची लक्षणे टिकतात. म्हणजे एकाच ग्रंथीत दोन निरनिराळी कामे चालतात. ज्यांना आपण ‘धातू’ या एका शब्दात बांधले, ते दोन व्यवहार आहेत.

६

हे न ओळखल्याने दोन परस्परविरुद्ध चुका झाल्या. पहिली नसबंदीसंबंधीची. नसबंदीने केवळ शुक्रबीजाची वाट बंद होते, हॉर्मोनास धक्का लागत नाही. तरी गोठ्यातील उपमेच्या आधाराने ती लोकांना खच्ची करण्यासारखीच वाटली. १९७६ सालच्या सक्तीच्या वातावरणाने या भयात भर घातली.

दुसरी चूक टेस्टोस्टेरॉनसंबंधीची असून ती आज अधिक घातक आहे. पुरुषत्वाचे औषध म्हणजे संततीचेही औषध, अशा समजुतीने अपत्यहीन पुरुष त्याची इंजेक्शने घेतो. बाहेरून हॉर्मोन मिळाल्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी वृषणांना आज्ञा देणे थांबवते, वृषणांतील स्वतःचे उत्पादन बंद पडते आणि शुक्रबीज नाहीसे होऊ लागते. हा परिणाम इतका निश्चित की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवड्यास दोनशे मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिले, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांत शुक्रबीज पूर्णपणे नाहीसे झाले. औषध थांबविल्यावर ते बहुधा परत येते, परंतु त्यास महिने लागतात आणि सर्वांच्याच बाबतीत खात्री देता येत नाही. व्यायामशाळेत अंग भरावे म्हणून हेच द्रव्य घेणाऱ्या तरुणासही हीच किंमत द्यावी लागते. तो लंगोटाचा पक्का असला तरी त्यात फरक पडत नाही.

उलटपक्षी, ज्यास खरोखर उणीव आहे तो बोलत नाही. गालगुंडानंतर वृषणे सुजून निकामी झालेला, जन्मतः एक गुणसूत्र अधिक असलेला, किंवा पोषग्रंथीत गाठ असलेला पुरुष हा मधुमेहीइतकाच रोगी आहे. लक्षणे आणि निदान दोन वेळा सकाळी केलेली रक्ततपासणी यांवरून निदान होते, आणि रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होत नाही ना, प्रोस्टेट ग्रंथी ठीक आहे ना, हे पाहत उपचार वर्षानुवर्षे देता येतो. परंतु ‘षंढ’ या शब्दाच्या धाकाने असा पुरुष दवाखान्याऐवजी एस्. टी. स्थानकाजवळच्या भिंतीवर गुप्तरोगाची जाहिरात रंगविणाऱ्याकडे जातो.

येथे भाषेचे कार्य काय? स्टार्लिंगने १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द ‘चेतविणे, प्रवृत्त करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून घेतला. मराठीतील ‘संप्रेरक’ हा शब्द त्याच कल्पनेचा अनुवाद होय. ‘पौरुषजन’ असाही शब्द परिभाषेत आला. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, ‘हॉर्मोने’ हे रूप स्वीकारले. माझ्या मते ही निवड दूरदर्शीपणाची आहे. ‘पौरुषजन’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष असला तरी ज्याची त्यास उणीव आहे त्या पुरुषास तो पुन्हा पौरुषाच्या कसोटीवरच उभा करतो. ‘हॉर्मोन’ या परक्या शब्दास मराठीत पूर्वसंस्कार नाहीत. म्हणूनच त्यात दोष वा चारित्र्य यांची छाया नाही.

परिभाषाकारांनी ‘शुक्रबीज’ आणि ‘हॉर्मोन’ हे दोन शब्द निराळे केले, परंतु बोलीत ते अद्याप निराळे झालेले नाहीत. पाठ्यपुस्तके, आरोग्यपत्रके आणि दवाखान्यातील संभाषण यांतून हा भेद रुजवावा लागेल. आटपाडीच्या वा माणच्या शेतकऱ्यास तो समजावून देणे अवघड नाही. खोंड आणि बैल यांतील फरक ज्याने पिढ्यान्पिढ्या पाहिला आहे, त्यास एवढेच सांगावयाचे की, बैलाच्या ठायी जे एकदम जाते ते मनुष्याच्या ठायी वेगवेगळे जाऊ शकते, आणि एक परत आणण्याच्या औषधाने दुसरे जाऊ शकते.