पाठांतराचा खेळ

लढाई म्हटली की इतिहासाचा अभ्यासक आधी सन विचारतो, मग ठिकाण, मग सेनापतीचं नाव. आज मी ज्या लढाईविषयी बोलणार आहे तिचं सन आहे १९८५, देश जपान, आणि रणांगण म्हणजे नाणं टाकून चालणाऱ्या पेटीतला एक पडदा. काळ्या अंतराळातून एक छोटं यान डावीकडून उजवीकडे जातं आणि समोरून येणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडतं. या खेळाचं नाव ‘ग्रॅडियस’. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ बाहेरच्या देशांतल्या पार्लरमध्ये ‘नेमेसिस’ नावानं गेला.

‘हा काय इतिहासाचा विषय झाला?’ असं कुणी विचारील. मला तो वाटतो, कारण माणसाची आठवण आणि यंत्राची आठवण यांत कोण जास्त टिकतं, याचा एक चोख दाखला या खेळात सापडतो.

थोडं मागं जाऊ. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी ‘स्पेस इनव्हेडर्स’ तयार केला. त्यात शत्रूच्या रांगा पडद्यावर समोरच उभ्या असत. जे काही होतं ते डोळ्यांपुढं होतं. चपळ हात आणि सावध नजर असली की भागत असे. १९८१ साली शिकागोच्या विल्यम्स कंपनीनं ‘डिफेंडर’ बाजारात आणला. यूजीन जार्विस यांच्या या खेळात जग पडद्यापेक्षा मोठं होतं. यान पुढं जाई तसं दृश्य सरकत जाई. पडद्याबाहेर काय चाललंय हे कळावं म्हणून वरच्या बाजूला एक छोटा नकाशा दिलेला होता.

त्याच वर्षी कोनामीनं ‘स्क्रॅम्बल’ काढला. ही कंपनी १९६९ साली ओसाकामध्ये ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवणारी यंत्रं, भाड्यानं देण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यातून उभी राहिलेली. नाणं टाकणाऱ्या गिऱ्हाइकाची नाडी तिला ठाऊक होती. ‘स्क्रॅम्बल’मध्ये पडदा आपणहून सरकायचा. थांबायची सोय नाही, मागं फिरायची नाही. वर-खाली डोंगर आणि बोगदे, इंधन संपत चाललेलं, आणि नकाशाही नाही. पुढच्या वळणावर काय आहे हे त्यालाच ठाऊक, जो तिथं एकदा आपटून आलाय. आपल्याकडे पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. इथं ठेच लागणारा आणि शहाणा होणारा एकच! खेळाचा भार असा हळूच नजरेवरून आठवणीवर आला.

‘ग्रॅडियस’ची आखणी सुरुवातीला या ‘स्क्रॅम्बल’चा पुढचा भाग म्हणूनच झाली होती. हिरोयासू माचिगुची यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं त्यात एक नवी गोष्ट घातली. काही शत्रू मेले की मागं एक गोळी ठेवून जात. ती उचलली की पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवरचा दिवा एक घर पुढं सरके. पहिल्या घरात वेग, मग क्षेपणास्त्र, दुहेरी मारा, लेसर, यानामागं फिरणारे साथीदार गोळे, आणि शेवटी ढाल. कुठल्या घरात थांबून शस्त्र घ्यायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. आत्ता थोडं घ्यावं की धीर धरून पुढचं मोठं घ्यावं? महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या कुणालाही हा पेच नवा नाही.

आणि मग येई शिक्षा. एकदा यान फुटलं की जमवलेलं सगळं जाई. धगधगते ज्वालामुखी, तोंडातून कड्यांचा मारा करणारे ईस्टर बेटावरचे दगडी चेहरे, हे सारं पार करून आलेला खेळाडू एका चुकीनं उघडा पडे. पुन्हा मंद, दुबळं यान हाती, आणि समोर तेच ऐन भरातले शत्रू. यामागं नाण्याचं गणित होतं हे उघड आहे. पेटीमालकाला पुढचं शंभर येनचं नाणं हवं. पण त्याच गणितानं कसलेले खेळाडूही घडवले. कुठला शत्रू कुठून येतो, कधी वर सरकायचं, कधी थांबायचं, हे त्यांनी पाढ्यांसारखं घोकलं. अशा पाठांतराच्या बळावर पटाईत खेळाडू एका नाण्यावर बराच वेळ उभा राही. शेवट गाठला की खेळ पहिल्यापासून, पण अधिक अवघड होऊन, सुरू होई.

खेळाडू असे पाठ करत होते आणि यंत्राची स्मृती मात्र नाजूक होती. ‘ग्रॅडियस’ जपानमध्ये आला तो कोनामीच्या ‘बबल सिस्टीम’वर. चुंबकीय पदार्थाच्या पातळ थरावर बारीक चुंबकीय बुडबुड्यांच्या रूपात माहिती साठवायची, हे तंत्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत अँड्र्यू बोबेक यांनी १९६०च्या दशकात पुढं आणलं होतं. वीज गेली तरी त्यातली माहिती राही. मात्र काम सुरू करण्याआधी ही स्मृती गरम व्हावी लागे. म्हणून सकाळी पार्लरवाल्यानं बटण दाबलं की पडद्यावर उलटी मोजणी सुरू होई आणि तोवर एक प्रसन्न धून वाजे. ‘मॉर्निंग म्युझिक’ या नावानं ती आजही ओळखली जाते. आकाशवाणीच्या संकेतधुनेबरोबर ज्यांचं घर जागं व्हायचं, त्यांना या यंत्राची सकाळ परकी वाटणार नाही. पण बाहेरच्या चुंबकीय प्रभावानं ही स्मृती सहज बिघडे. कोनामीनं लवकरच साध्या चिपांची वाट धरली. त्या मूळ यंत्रांपैकी चालू स्थितीतली आज अगदी मोजकी उरली आहेत.

आता दुसरी आठवण. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्रावर आणण्याचं काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे आलं. खेळ तपासायचा तर तो शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो तर त्यांना फार अवघड जात होता. म्हणून त्यांनी आत एक गुप्त वाट ठेवली. खेळ थांबवून ठरावीक कळा दाबल्या की बहुतेक शस्त्रं एकदम हाती येत. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. स्वतःच्या सहज लक्षात राहावा म्हणून त्यांनी हा क्रम असा साधा ठेवला होता. विक्रीला गेलेल्या खेळातही तो तसाच राहिला.

पुढं १९८८ साली घरगुती ‘कॉन्ट्रा’मध्ये याच दहा कळांनी तीस जीव मिळू लागले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, ते बहुतांशी याच जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटबरोबर ‘कॉन्ट्रा’ आला आणि ही युक्तीही आली. छापील पुस्तिका हाती नसताना ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडी गेली. ओव्यांचाही प्रवास असाच झालेला आहे.

हाशिमोतो २०२० साली वारले, तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यांना निरोप देताना या दहा कळाच लिहिल्या. २०२५ साली कोनामीनं ‘ग्रॅडियस’ आणि त्याची भावंडं एकत्र करून पुन्हा विक्रीला आणली. खेळाचा सांगाडा त्यामुळे वाचला. मात्र पार्लरमधली गर्दी, मागं उभ्या मुलांच्या सूचना, हातातलं शेवटचं नाणं, हे कुठल्याही चिपमध्ये साठलेलं नाही. ते खेळलेल्यांच्या डोक्यात आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या गावातलं व्हिडिओ गेम पार्लर कुठं होतं, एका खेळाला किती पैसे पडत, कोण कुणाला कुठली युक्ती शिकवी, हे लिहून ठेवा. ती पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, तिला विचारा. बखर लिहायला दरबार लागतोच असं नाही. शाळेची शंभर पानी वहीसुद्धा पुरते.