टाळ्या आणि पेन्शन

२ मे १९३९ या दिवसाची गोष्ट. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी बेसबॉलचा सामना सुरू व्हायचा होता. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा कप्तान लू गेरिग खेळाडूंची यादी घेऊन पंचांकडे गेला. रिवाजच तसा आहे. पण त्या दिवशीच्या यादीत एक नाव नव्हते, आणि ते खुद्द कप्तानाचे होते.

१ जून १९२५ पासून हा गडी लागोपाठ २१३० सामने खेळला होता. बोटे मोडली, पाठ धरली, तरी एक सामना त्याने चुकवला नाही. त्या हंगामात मात्र चेंडू हातून सुटू लागला, पाय साथ देईनात. कोणी आपल्याला काढण्याची वाट न पाहता तो स्वतःच व्यवस्थापकाकडे गेला आणि बाहेर बसतो म्हणाला. तेव्हा त्याला छत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. क्रिकेटसारखाच तो चेंडू-फळीचा खेळ. फळी मात्र गोल सोट्यासारखी, आणि धावायचे ते चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरून. अमेरिकेत १८६९ पासून पगारी खेळाडूंचे उघड संघ निघाले आणि खेळ हा पोटाचा धंदा झाला. आता या धंद्यातली अडचण पाहा. शेतकरी साठीतही नांगर धरतो, शिक्षक अठ्ठावन्न वर्षांपर्यंत फळ्यासमोर उभा राहतो. पण बेसबॉलपटूची पस्तिशी उलटली की त्याची संध्याकाळ झालीच म्हणायची. पुढचे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य त्याने कशावर काढायचे?

गेरिगच्या बाबतीत तर आयुष्यही उरले नव्हते. मज्जातंतूंचा एक असाध्य रोग त्याला जडल्याचे त्याच जून महिन्यात निष्पन्न झाले. ४ जुलैला न्यूयॉर्कच्या मैदानावर त्याचा निरोपसमारंभ झाला. साठ हजारांहून अधिक माणसे जमली होती. त्यांच्यापुढे त्याने स्वतःला जगातला सर्वांत भाग्यवान माणूस म्हणवून घेतले. त्याच्या पाठीवरचा ४ हा आकडा यापुढे संघातल्या कोणालाही द्यायचा नाही असे ठरले. बेसबॉलमध्ये असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. त्यानंतर त्याने न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर नोकरी धरली आणि हात चालेनासे होईपर्यंत केली. २ जून १९४१ रोजी तो वारला.

हे झाले सन्मानाचे. पण नुसत्या सन्मानावर चूल पेटत नाही.

ग्रोव्हर अलेक्झांडर हा नेब्रास्का प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९११ ते १९३० या काळात चेंडूफेक्या म्हणून त्याने ३७३ सामने जिंकून दिले. मध्यंतरी तो पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला, तिथल्या तोफांनी त्याचे कान अधू केले. पुढे फेफरे आणि दारू या दोहोंनी त्याला गाठले. १९३८ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. आणि पुढच्याच वर्षी हा थोर खेळाडू न्यूयॉर्कमध्ये पिसवांची सर्कस दाखवणाऱ्या एका करमणूकगृहात उभा राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांना आपल्या जुन्या सामन्यांच्या हकीकती सांगत होता! पैशासाठी, दुसरे काय? १९५० साली भाड्याच्या खोलीत त्याचा अंत झाला.

दोष एकट्या दारूवर टाकून चालणार नाही. त्या काळच्या करारात एक कलम असे की, मालक खेळाडूला वर्षामागून वर्ष आपल्याकडे अडकवून ठेवू शके. परवानगीवाचून दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालकाला मात्र दहा दिवसांची नोटीस देऊन त्याला घरी पाठवता येई. म्हणजे दावे एकाच्याच गळ्यात! अशा करारात म्हातारपणाची शिल्लक कुठून पडणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर हवा बदलली. १९४६ साली रॉबर्ट मर्फी नावाच्या वकिलाने खेळाडूंची संघटना उभारण्याचा यत्न केला. मेक्सिकोतल्या धनिकांनी जास्त पगार देऊन काही खेळाडू तिकडे नेले. मर्फीची संघटना टिकली नाही, पण मालक सावध झाले. १९४७ मध्ये पेन्शन सुरू झाली. पाच वर्षे खेळलेल्याला पन्नाशीनंतर दरमहा ५० डॉलर, दहा वर्षे खेळलेल्याला १००. आपणां रेडिओ ऐकणाऱ्यांना कौतुक वाटावे अशी बाब म्हणजे, या फंडातला मोठा हिस्सा अजिंक्यपदाच्या सामन्यांच्या रेडिओ-प्रक्षेपणाच्या हक्कांतून आला. घरबसल्या कान देऊन ऐकणाऱ्यांनीच जणू त्या खेळाडूंच्या म्हातारपणाची सोय केली.

त्याच १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा नीग्रो समाजातला खेळाडू, वर्णभेदाची भिंत फोडून, वरिष्ठ संघात उतरला. दहा हंगाम तो खेळला. डिसेंबर १९५६ मध्ये त्याच्या संघाने त्याला प्रतिस्पर्धी संघाला देऊन टाकले. पण रॉबिन्सनने आधीच एका कॉफी कंपनीत अधिकाऱ्याची जागा ठरवून ठेवली होती. तो नव्या संघात गेलाच नाही, खेळच सोडला. निरोप कधी घ्यायचा हे त्याने स्वतः ठरवले, कारण उद्याची भाकर त्याने आज बघून ठेवली होती.

करारातल्या त्या जुन्या कलमाचा जोर १९७५ च्या लवादाच्या निकालाने मोडला. १९८० मध्ये तर अवघे ४३ दिवस वरिष्ठ संघात काढले तरी पेन्शनचा हक्क मिळू लागला. पण इथे एक गोम राहिली. हा नियम मागे लागू केला नाही. १९४७ ते १९७९ या काळात चार वर्षे न भरलेले शेकडो खेळाडू कोरडेच राहिले. २०११ मध्ये त्यांना वर्षाकाठी थोडी रक्कम देण्याचे ठरले, पण ती पेन्शन नव्हे. धान्य वाटले, पण रांगेत आधी उभा राहिलेलाच उपाशी, असा हा न्याय!

गेरिगचा विक्रम पुढे १९९५ साली कॅल रिपकेनने मोडला. विक्रम मोडतात, टाळ्याही विरतात. निवृत्त होणाऱ्या माणसाला आपण हार घालतो, नारळ देतो, दोन शब्द बोलतो. त्याची किंमत मी कमी लेखत नाही. गेरिगला त्या साठ हजारांच्या प्रेमाने बळ दिलेच असेल. परंतु हार दुसऱ्या दिवशी सुकतो. ज्याने उमेदीची वर्षे दिली, त्याच्या पुढल्या दिवसांची तजवीज ही मेहेरबानी नसून त्याच्या घामाचेच देणे आहे, एवढे कळायला अमेरिकेतल्या या श्रीमंत खेळालाही जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.