फेब्रुवारीचा तिसरा सोमवार

अमेरिकेत फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी बँका, टपाल कार्यालयं आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात. लोक या सुट्टीला 'प्रेसिडेंट्स डे' म्हणतात. सगळ्या माजी राष्ट्राध्यक्षांचं आणि हल्ली त्यांना साथ देणाऱ्या पत्नींचंही स्मरण करण्याचा हा दिवस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. केंद्राच्या कायद्यात मात्र तिचं नाव आजही 'वॉशिंग्टनचा वाढदिवस' एवढंच आहे. एका माणसाची जयंती सगळ्यांची कशी झाली, हा या सुट्टीच्या कुळकथेचा एक भाग. तिच्यात बायकांचा वाटा किती, हा दुसरा. मला तो जास्त मोलाचा वाटतो.

तारखेपासूनच घोळ आहे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन व्हर्जिनियात जन्मले तेव्हा इंग्रजांच्या वसाहतींत जुनी पंचांगपद्धत चालू होती. तिच्यानुसार तो दिवस 11 फेब्रुवारी 1731. ब्रिटनने 1752 साली नवी पद्धत स्वीकारली आणि तोच जन्मदिवस 22 फेब्रुवारी 1732 ठरला. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही.

हा वाढदिवस वॉशिंग्टन हयात असतानाच साजरा होऊ लागला. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1778 च्या हिवाळ्यात, त्यांची फौज व्हॅली फोर्जच्या छावणीत थंडी, उपासमार आणि रोगराईने खंगली होती. 22 फेब्रुवारीला तोफखान्याच्या वाद्यपथकाने सेनापतींच्या मुक्कामापुढे वादन केलं. त्या वेळी वॉशिंग्टनच्या पत्नी मार्थाबाई तिथेच होत्या, काही दिवसांपूर्वीच आलेल्या. युद्धाच्या आठ वर्षांतला साधारण निम्मा काळ त्यांनी नवऱ्याजवळ छावण्यांत काढला. तिथे जाता यावं म्हणून त्यांनी 1776 मध्ये फिलाडेल्फियात देवी टोचून घेतल्या होत्या. तेव्हाचं टोचणं म्हणजे खऱ्या देवीचाच सौम्य प्रादुर्भाव ओढवून घेणं. त्यात माणसं दगावतही असत. पुढच्या वर्षी वॉशिंग्टननी सगळ्या फौजेला देवी टोचण्याचा हुकूम काढला.

या संसाराबद्दल आपल्याला फार थोडं कळतं, कारण नवरा गेल्यावर मार्थाबाईंनी दोघांमधली पत्रं जाळून टाकली. वाचली ती मोजकीच. त्यांतलं एक 18 जून 1775 चं आहे. फौजेचं सेनापतिपद आपल्यावर आलंय, ते नाकारता येण्यासारखं नव्हतं, असं वॉशिंग्टन त्यात बायकोला कळवतात आणि मृत्युपत्र करून घेतल्याचंही सांगतात. मागे राहणाऱ्या बाईला असं पत्र हाती पडल्यावर काय वाटलं असेल, ते कुठेच लिहिलेलं नाही.

याच घराची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. मार्थाबाईंच्या दिमतीला असलेली ओना जज ही तरुण गुलाम स्त्री 1796 मध्ये फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून निसटली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, ती परतली नाही. या दांपत्याला वंदन करताना तिला वगळणं मला पटत नाही.

सुट्टीला कायद्याचं रूप मिळालं ते 1879 मध्ये. आधी फक्त राजधानीतल्या सरकारी नोकरांसाठी आणि 1885 पासून देशभरातल्या केंद्रीय नोकरांसाठी. पण त्याआधीच वॉशिंग्टनची आठवण जपण्याचं काम बायकांनी अंगावर घेतलं होतं. 1814 मध्ये ब्रिटिश फौज राजधानी जाळायला आली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी वॉशिंग्टनचं भलंमोठं तैलचित्र हलवल्याशिवाय निघायला नकार दिला. चौकट भिंतीला स्क्रूंनी पक्की केलेली, सोडवायला वेळ नाही. शेवटी चौकट फोडून चित्र बाहेर काढलं. हात होते घरातल्या नोकरांचे आणि गुलामांचे, आग्रह डॉलीबाईंचा.

त्याहून मोठी गोष्ट माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या घराची. 1853 मध्ये पोटोमॅक नदीतून बोटीने जाताना साउथ कॅरोलायनाच्या लुइसा कनिंगहॅम यांना हे घर पडायला आलेलं दिसलं. त्यांनी मुलीला, ॲन पामेलाला, पत्र लिहिलं : देशातल्या पुरुषांना जमत नसेल तर बायकांनी हे घर का वाचवू नये? केंद्र सरकार आणि व्हर्जिनिया राज्य, दोघांनीही ते विकत घ्यायचं टाळलं होतं. ॲन पामेला आजारी असायच्या, तरी त्यांनी राज्याराज्यांतल्या बायकांना जोडून घेतलं. दोन लाख डॉलरला सौदा ठरला आणि 22 फेब्रुवारी 1860 ला ताबा मिळाला. मुहूर्त वाढदिवसाचाच. आजही घर त्याच महिला संस्थेच्या मालकीचं आहे.

सोमवार आला तो 1968 च्या कायद्याने. लोकांना सलग तीन दिवस सुट्टी मिळावी म्हणून काही सुट्ट्या सोमवारवर नेल्या आणि 1971 पासून ते अमलात आलं. तिसरा सोमवार 15 ते 21 तारखांमध्येच येतो, म्हणजे खऱ्या वाढदिवशी ही सुट्टी कधीच पडत नाही. आणखी एक राष्ट्राध्यक्ष, लिंकन, यांचा जन्म 12 फेब्रुवारीचा. दोघांना सामावून घेणारं 'प्रेसिडेंट्स डे' हे नाव तेव्हा सुचवलं गेलं होतं, पण ते संमत झालं नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी घोषणा करून नाव बदललं, असंही सांगतात. तेही खरं नाही, त्यांच्या 1971 च्या आदेशात वॉशिंग्टनचंच नाव आहे. नवं नाव रुळलं ते काही राज्यांच्या कायद्यांमुळे आणि दुकानदारांच्या सेलच्या जाहिरातींमुळे.

पत्नींचा उल्लेख यातल्या कुठल्याच केंद्रीय कायद्यात नाही. त्यांना सरकारी मान मिळाला तो नाण्यांवर. 2007 पासून राष्ट्राध्यक्षांची डॉलरची नाणी निघू लागली, तेव्हा जोडीला त्यांच्या पत्नींची अर्ध्या औंसाची सोन्याची नाणीही काढली गेली. पहिलं अर्थातच मार्थाबाईंचं. आर्कान्सा राज्यात मात्र या सोमवारी वॉशिंग्टनच्या शेजारी एका बाईचं नाव कायद्यानेच आहे. ती कुणा राष्ट्राध्यक्षाची पत्नी नव्हे. 1957 मध्ये त्या राज्यातल्या लिट्ल रॉक शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना दाखल करताना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डेझी गॅट्सन बेट्स यांचं ते नाव. त्या कामापायी त्यांच्या घरावर दगड आले आणि नवऱ्याबरोबर चालवलेलं वर्तमानपत्र जाहिरातींअभावी बंद पडलं.