दोन सह्यांची रंगभूमी

“मालकाचं नाटक बुडालं की मालक बुडतो. मंडळाचं बुडालं तर पुढच्या शनिवारी सभा भरते.”

थोरले मामा हे इतक्या सहज म्हणत की लहानपणी त्यात मला काही विशेष वाटत नसे. मामा गोदीत कारकून होते आणि संध्याकाळनंतर गिरगावातल्या एका हौशी नाट्यमंडळाचे खजिनदार. तोंडाला रंग त्यांनी जन्मात लावला नाही. पण आपली रंगभूमी तिच्या सगळ्यात कठीण वर्षांत कोणी तगवली, हे मला समजलं ते त्यांच्याकडून आणि त्यांच्या वडिलांकडून.

आजोबांच्या गोष्टी कंपन्यांच्या होत्या. गंधर्व, ललितकलादर्श, बलवंत. कंपनीचं बिऱ्हाड गावात उतरलं की गाव कसं बदलून जाई, पंगती कशा उठत, अत्तराचा खर्च किती होई, हे सांगताना आजोबा उठून उभे राहत. ८ जुलै १९२१चा संयुक्त ‘मानापमान’, म्हणजे टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले तो प्रयोग, हा त्यांच्या बोलण्याचा कळस. पण कळसानंतर आवाज खाली येई, कारण पुढची गोष्ट कर्जाची असे. बालगंधर्वांनी संस्थेचं कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं आणि गाऊन फेडलं. मास्टर दीनानाथांनी बोलपटाकडे वळून बलवंत पिक्चर्स काढली आणि तीत ते बुडाले. कंपनी एका माणसाच्या नावावर उभी असे. सही त्याची, कीर्ती त्याची आणि सावकार दारात आला तर तोही त्याच्याच.

१४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ लागला तो आमच्या गिरगावातच, मॅजेस्टिकला. आजोबा ती गर्दी पाहून आले होते. पुढच्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि मग नाटकाची थिएटरं एकामागून एक सिनेमाला गेली. कंपन्यांचे कपडेपट विकले गेले. आजोबांच्या लेखी रंगभूमी तिथे संपली. त्यांच्या गोष्टी १९३५च्या पुढे कधी जातच नसत.

मामांच्या गोष्टी नेमक्या १९३५ला सुरू होत.

त्या साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. मामांचे नायक डॉ. अमृत नारायण भालेराव. हे कोणी नट नव्हेत, मालक नव्हेत. व्यवसायाने डॉक्टर. नाडी बघणारा माणूस नाटकाची नाडी बघायला बसला आणि सगळे रंगभूमी मेली म्हणत असताना त्याला ती हाताला लागली, असं मामा सांगत. १९४३च्या नोव्हेंबरात सांगलीला मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली, सावरकर अध्यक्ष होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ला तिथेच ‘सीतास्वयंवर’ केलं होतं, त्यामुळे मान सांगलीचाच. पण १९४४ला संघाने मुंबईत शताब्दीचा नाट्यमहोत्सव घेतला आणि विखुरलेले जुने नट पुन्हा एका रंगमंचावर आणले. लोक आले. नाटक बघायला माणसं येत नाहीत हे खरं नव्हतं. नाटक त्यांच्यापर्यंत आणून पोचवायला कोणी उरलं नव्हतं, हे खरं होतं. पोचवण्याचं ते काम आता कंपनीच्या मालकाकडून समितीकडे आलं. मला विचाराल तर मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही घटना एखाद्या थोर नाटकाइतकीच मोठी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

संघाने दरवर्षी नाट्यमहोत्सव भरवायला सुरुवात केली. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे यांना घेऊन उभं केलं. ते १९५४ला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात पहिलं आलं, तेव्हा केळेवाडीत पेढे वाटले गेले असं मामा सांगत. केळेवाडीतलं संघाचं थिएटर मात्र १९६४ला उभं राहिलं आणि ते पाहायला डॉक्टर हयात नव्हते. थिएटरला त्यांचं नाव दिलं. मामा तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षागृहात मागच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि परत आले. “वर्गणीदारांच्या पैशातून इतकी मोठी वास्तू,” एवढंच म्हणाले, असं मामी सांगतात.

मामांचं स्वतःचं मंडळ त्या मानाने अगदी लहान. सभा त्यांच्याच खोलीत भरे. आम्ही मुलं गॅलरीत, मामी चहाच्या आधणापाशी आणि आत सात-आठ माणसं जाजमावर. कोणी गिरणीत हिशेबनीस, कोणी शाळामास्तर, एक बँकेतले, एक मुद्रणालयातले. अध्यक्षांना मान होता, चिटणिसांना पळापळ होती आणि खजिनदाराला चिंता. चेकवर दोन सह्या लागत. मामा या दोन सह्यांबद्दल फार गंभीरपणे बोलत. एक सही असली की पैसा माणसाचा होतो, दोन झाल्या की संस्थेचा.

प्रयोगाच्या आधीचे दहा-बारा दिवस मामांचा प्लॅन घरभर असे. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा, रांगांना अक्षरं आणि खुर्च्यांना आकडे. विकलेल्या खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली, राखून ठेवलेलीवर निळं टिंब, समीक्षक आणि देणगीदार यांच्या खुर्च्यांना हिरवी चौकट. ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन ते प्लॅनपुढे बसत. कोपऱ्यातल्या खांबाआडच्या दोन खुर्च्या ते कोणालाही विकत नसत. तिथून रंगमंचाची डावी बाजू दिसत नाही, हे त्यांनी स्वतः तिथे बसून पाहिलं होतं. त्या खुर्च्यांवर मग मामा-मामी बसत, तिकिटाचे पैसे भरून. पदाधिकाऱ्यांना पास नाही, हा त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव होता आणि तो कधी मोडला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

१९५४पासून सरकारने राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली आणि अशा मंडळांना वर्षाचं एक ध्येय मिळालं. गावोगावच्या मंडळांत नाटक निवडण्यावरून रात्री-रात्री भांडणं होऊ लागली. मामांच्या मंडळातही झाली. एका वर्षी तरुण मंडळींनी एक अगदी नव्या वळणाचं नाटक धरलं. मामा विरोधात बोलले. हे चालणार नाही, आपले लोक मध्यंतरात उठून जातील, गेल्या वर्षीची शिल्लक संपेल. मत झालं, मामा हरले. इतिवृत्तात आपला विरोध नोंदवून घ्या म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नाटकाची तिकिटं घेऊन गोदीतल्या प्रत्येक टेबलापाशी उभे राहिले. त्या वर्षी सगळ्यात जास्त तिकिटं त्यांनी खपवली. “सभेत माझं मत, सभेबाहेर मंडळाचं,” असं ते म्हणत. त्या नाटकाला लोक उठून गेले का, हे मी मामींना विचारलं. काही गेले, म्हणाल्या.

खटाटोप किती असे, याची कल्पना प्रेक्षकाला नसते. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून आणायची. पोलीस परवाना. थिएटरची तारीख आणि अनामत. संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली, म्हणून वर्षाचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे. एखादा विश्वस्त बदलला किंवा वारला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज भरायचा. मित्र गेल्याचं दुःख ताजं असताना त्याचं नाव यादीतून कमी करण्याचा कागद मामांनी भरला आहे. हे काम करणाऱ्याला टाळी नाही. तिसरी घंटा होते तेव्हा तो बहुधा बाहेर खिडकीपाशी सुटे पैसे मोजत असतो.

मामांच्या पिढीपुढे आदर्श होता तो गोवा हिंदू असोसिएशनचा. मुंबईत नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या गोमंतकीयांनी १९१९ला काढलेली ही संस्था. तिच्या कलाविभागाने काय काय केलं ते नुसतं आठवलं तरी छाती भरून येते: १९६२ला ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, १९६४ला ‘मत्स्यगंधा’, १९७०ला ‘नटसम्राट’, पुढे ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’. दौरे धंदेवाईक कंपनीच्या शिस्तीचे, पण मालक कोणीच नाही. नटांना नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळे. रामकृष्ण नायकांसारखे कार्यकर्ते मात्र आपल्या कामाचा पैसा घेत नसत आणि उरलेली रक्कम समाजकार्याला जाई. ‘नटसम्राट’मध्ये घर नसलेला म्हातारा नट, ‘संध्याछाया’त मुलांची वाट पाहणारं जोडपं, आणि ही नाटकं ज्यांनी महाराष्ट्रभर नेली त्याच संस्थेने पुढे गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याला ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभा केला. नाटकाने समाजाला काय दिलं असं कोणी विचारलं की मामा हे उदाहरण देत आणि पुढे वाद घालत नसत.

प्रायोगिक नाटकवाल्यांचीही गोष्ट वेगळी नाही. ‘आविष्कार’ १९७१ला निघाली. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांची नावं आपण घेतो, तितक्याच आदराने अरुण काकडे यांचं घेतलं पाहिजे. दादरच्या छबिलदास शाळेतलं ते सभागृह म्हणजे चळवळ झाली, कारण रोज संध्याकाळी कोणीतरी तिथे आधी पोचून बाकीच्यांची वाट पाहत असे. काकडे आयुष्यभर तसे पोचत राहिले.

आज नट कमी नाहीत. एकांकिका स्पर्धांना झुंबड असते, मुलं लिहितात, दिग्दर्शन करतात, रात्रभर तालमी करतात. पण मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदारपदाचा विषय आला की सगळे खाली बघतात. चाळिशीच्या आतला खजिनदार मला अलीकडे भेटलेला नाही. जुनी मंडळी पंच्याहत्तरीतही सह्या करत आहेत, कारण सही घ्यायला दुसरा हात पुढे येत नाही. हे मला टोचतं. ज्या पिढीला हिशेब मोबाइलवर एका बोटाने करता येतो, तिने हे काम कंटाळवाणं ठरवून टाकलं, आणि मामा ते लाल-निळ्या पेन्सिलींनी आनंदाने करत होते.

मामा गेल्यावर मामींनी त्यांच्या काही वह्या मला दिल्या. त्यांत खिळे आहेत, सुतळी आहे, गजरे, टेम्पो, प्रॉम्प्टरला खोकल्याचं औषध, वीज गेल्यावर आणलेल्या पेट्रोमॅक्सचं भाडं. एका पानावर तूट आणि समोर नावं: कोणी किती भरून ती भागवली. कोणत्या नाटकाच्या इतिहासात ही नावं सापडणार?

गिरगावातल्या चाळी आता पुनर्विकासाला जात आहेत. माळे रिकामे होत आहेत, रद्दीवाले जिन्यात बसलेले आहेत. तुमच्या माळ्यावर एखाद्या मंडळाची इतिवृत्तं, पावती-पुस्तकं, खुर्च्यांचे जुने प्लॅन असतील तर ते किलोवर घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला विचारा, नाट्यसंस्थेला विचारा, नाहीतर घरातल्या कोणा मुलीला बसवून पानं फोटोत उतरवून ठेवा. आणि त्या वह्यांत सही करणारं कोणी घरात अजून हयात असेल, तर आधी त्यांच्यापाशी बसा, कारण तूट कोणी भरली ते वहीत असतं, का भरली ते नसतं.