अजिनोमोटो, मलेरियाच्या गोळ्या आणि लिव्हर

"डॉक्टर, मलेरियाच्या गोळ्या चालू असताना चायनीज खाल्लं तर लिव्हर खराब होईल?" तुम्हीही हे विचारलं असेल.

अजिनोमोटोमधलं ग्लुटामेट 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळं केलं. बदनामी झाली 1968 मध्ये, अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका डॉक्टरांच्या पत्रामुळे. त्यात मान बधिर होणं, अशक्तपणा, धडधड अशा तक्रारी होत्या. लिव्हरचं नावही नव्हतं! (संशय सोया सॉसवरही होता, पण तो लोक विसरले.)

लिव्हरला खरा दणका दिला तो अमोडायाक्विन या मलेरियाच्याच गोळीने. 1980 च्या दशकात आफ्रिकेत जाणारे युरोपीय प्रवासी मलेरिया होऊ नये म्हणून ती दर आठवड्याला घेत. काहींना तीव्र कावीळ झाली, काही दगावले. लिव्हरमध्ये या औषधाचा एक घटक तयार होतो, तो पेशींतल्या प्रथिनांना चिकटतो आणि आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते. प्रवाशांना ती देणं थांबलं. आफ्रिकेत उपचारासाठी आजही आर्टेसुनेटसोबत देतात, पण तीनच दिवस.

उंदरांना भरमसाट अजिनोमोटो देऊन केलेल्या प्रयोगांवरून तुमच्या एका प्लेटचा अंदाज बांधता येत नाही. मलेरियात डोळे पिवळे दिसले तर मात्र चायनीजवर खापर फोडत घरी बसू नका. मलेरियानेही कावीळ होते. गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.