पाच रुपये महिना: परमुलखातल्या पगाराचा जुना हिशेब



गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो. "आखातात काम मिळतंय, पगार इथल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट सांगतात. जावं का? आणि जायला पैसे लागतात, तर गटातून कर्ज द्यावं का?" कुठे मुलगा जायचा असतो, कुठे नवरा, तर कुठे घरातली बाईच पासपोर्ट काढून बसलेली असते.

जा किंवा जाऊ नका, असं आम्ही आज सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. पण आपल्या माणसांसमोर हा प्रश्न काही पहिल्यांदा आलेला नाही. पावणेदोनशेहून जास्त वर्षं आपल्याकडची माणसं जास्त पगारासाठी समुद्र ओलांडतायत. त्यांचा हिशेब कुठे जमला आणि कुठे फसला, हे बघितलं तर आपला हिशेब मांडायला सोपं जाईल.

पहिली गोष्ट साखरेची. आपल्या पणज्या पांढऱ्या साखरेला "मोरस साखर" म्हणायच्या. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथली साखर मुंबई बंदरात उतरायची, म्हणून हे नाव. त्या बेटावर इंग्रजांच्या अंमलात उसाचे मोठे मळे होते आणि त्यावर गुलाम राबत. १८३५ साली तिथली गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, ते त्यांनी हिंदुस्थानातून न्यायला सुरुवात केली. पहिली छत्तीस माणसं १८३४ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून तिथे उतरली. पुढच्या काळात सगळी मिळून सुमारे साडेचार लाख माणसं गेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, आणि त्यांच्यात कोकणातली पुष्कळ. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

जाताना करार व्हायचा पाच वर्षांचा. "अॅग्रीमेंट" या इंग्रजी शब्दाचं मजुरांच्या तोंडी झालं "गिरमिट", आणि मजूर झाले "गिरमिटिया". सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना पाच रुपये आणि बाईला चार. वर धान्य आणि कपडे. हा आकडा ऐकून माणसं तयार व्हायची.

आता कापून काय जायचं ते बघा. काही महिन्यांचा पगार आगाऊ मिळायचा, तो निघण्यापूर्वीच संपायचा आणि मग तिथे जाऊन फेडायचा. परतीच्या भाड्यासाठी महिन्याला एक रुपया कापून ठेवायचे. आणि सगळ्यात वाईट नियम म्हणजे दुहेरी कापणी: एक दिवस न सांगता कामावर गेलं नाही, तर दोन दिवसांचा पगार जायचा. पाच रुपये हातावर पडतील असं सांगितलेलं असायचं, पण पडायचे बरेच कमी. काम सोडून दुसरीकडे जायची सोय नव्हती. मळा सोडून बाहेर फिरलं तर भटक्या म्हणून पोलीस पकडायचे. करार संपलेल्या माणसालासुद्धा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागायचं. १८७१ साली ९,४०१ मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशी आयोग नेमला गेला.

बायांवर तर दुहेरी भार होता. पगार कमी, आणि मुकादमाची भीती वेगळी. फिजी बेटावर १९१२ साली कुंती नावाच्या गिरमिटिया बाईला मुद्दाम एकटीला केळीच्या बागेत कामाला लावलं. गोऱ्या मुकादमाने अंगावर हात टाकला तेव्हा तिने त्याच्या हातून सुटून नदीत उडी घेतली. ती वाचली. तिने आपली हकिगत सांगितली, ती हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रात छापून आली आणि देशभर संताप उसळला. त्याच वर्षी, १९१२ च्या मार्चमध्ये, आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत बंद करावी असा ठराव कायदेमंडळात मांडला होता. तो तेव्हा पडला. पण लोकांचा आवाज वाढत गेला, आणि १९१७ साली ही मजूरभरती थांबली.

या गोष्टीतून पहिला प्रश्न निघतो: सांगितलेल्या पगारातला हातात किती पडणार? आणि दुसरा: काम पटलं नाही तर सोडता येणार का?

दुसरी गोष्ट आयांची. इंग्रज साहेबांची कुटुंबं बोटीने विलायतेला जायची, तेव्हा मुलं सांभाळायला इथली आया सोबत न्यायची. मुंबई, कलकत्ता, मद्रास या बंदरांतून अशा कितीतरी बाया गेल्या. प्रवास काही आठवड्यांचा. काहींना परतीचं तिकीट किंवा परतीच्या प्रवासात काम मिळायचं. काहींना मात्र लंडनला पोचल्यावर "आता तुझं काम संपलं" म्हणून सोडून दिलं जायचं. ओळख नाही, भाषा नाही, थंडीचे कपडे नाहीत, बोटीचं भाडं नाही. अशा बायांसाठी लंडनमध्ये एक आसराघर चालायचं. १९०० सालापासून ते हॅकनी भागात होतं, आणि २०२२ साली त्या घरावर स्मरणाची निळी पाटी लागली. या बाया समुद्राला घाबरत नव्हत्या, कामात हुशार होत्या. त्यांचं अडलं एकाच ठिकाणी: परतीचं तिकीट दुसऱ्याच्या मर्जीवर होतं. म्हणून तिसरा प्रश्न: परत यायचा खर्च कोण देणार, आणि हे लिहून दिलंय का?

तिसरी गोष्ट मनीऑर्डरची. ही परदेशातली नाही, पण घरोघरची आहे. १८५० नंतर मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष गिरणीत गेले. १८८० पासून पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली, आणि कोकणातल्या घरांना पोस्टमनची वाट बघायची सवय लागली. लोक म्हणतात, मनीऑर्डरवर गावं जगली. ते खरंच आहे, पण अर्धं. भात लावणी, गुरं, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांच्या शाळा, सगळं गावात राहिलेल्या बाईने ओढलं. तिला त्याचा पगार नव्हता. आणि पुष्कळ घरांत मनीऑर्डरही तिच्या नावावर यायची नाही, सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या नावावर यायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मनीऑर्डरी थांबल्या. कितीतरी कामगार गावाकडे परतले, आणि ज्यांची शेती बायकांनी टिकवून धरली होती त्यांना निदान भाताचा आधार मिळाला. परमुलखाची नोकरी जाऊ शकते. त्या दिवशी गावात काय उरलंय, हे मागे राहिलेल्या माणसाने काय सांभाळलं त्यावर ठरतं. चौथा प्रश्न म्हणून असा: जाणाऱ्याच्या मागे घराचं ओझं कोण उचलणार, आणि येणारा पैसा कोणाच्या नावावर जमा होणार?

आता आखाताकडे येऊ. १९७३ साली तेलाच्या किमती जवळपास चौपट झाल्या. आखाती देशांत रस्ते, इमारती, बंदरं यांची कामं निघाली. केरळातून लाखो माणसं गेली, तशीच आपल्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतूनही गेली. त्या पैशातून पक्की घरं झाली, बहिणींची लग्नं झाली, मुलं शिकली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे व्हिसा एका मालकाच्या नावावर बांधलेला असे. त्याला "कफाला" पद्धत म्हणतात. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. काही देशांनी अलीकडे हे नियम सैल केले. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी कायदा केला: दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याला सुट्टी, आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. कायदा चांगला आहे, पण बंद घराच्या आत तो पोचतोच असं नाही.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हा एक लाख सत्तर हजाराच्या आसपास भारतीयांना विमानांनी घरी आणावं लागलं. कित्येकांचे तिथल्या बँकेतले पैसे, सामान, थकलेला पगार मागे राहिला. दर महिन्याला घरी पाठवलेला पैसा तेवढा वाचला.

इतिहास झाला. आता पाटीवर हिशेब मांडू. आकडे आम्ही नमुन्याला धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, शिवणकामाच्या कारखान्यात महिना २५,००० रुपये, करार दोन वर्षांचा. कमाई झाली ६,००,०००. एजंटने १,२०,००० मागितले. ते सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले आणि वर्षाने फेडले, तर व्याज ४३,२००. तिथला वरखर्च महिना २,००० धरला तर ४८,०००. मागे मुलं आणि गुरं सांभाळायला कोणाला तरी महिना ३,००० द्यावे लागले, तर ७२,०००. एकूण गेले २,८३,२००. उरले ३,१६,८००. आता हीच बाई गावात राहून महिना ९,००० मिळवत असेल, तर दोन वर्षांत तिने २,१६,००० मिळवलेच असते. ते वजा केले तर जाण्याचा खरा फायदा १,००,८००, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये. ऐकताना वाटलं होतं सोळा हजारांचा फायदा आहे!

आणि काही कारणाने चौथ्या महिन्यात परत यावं लागलं तर? कमाई १,००,०००, आणि नुसतं मुद्दल फेडायचं १,२०,०००.

आता एक गोष्ट बदलू. नोंदणीकृत एजंटला सरकारने ठरवून दिलेली फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आहे, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५,४००. वरच्या किरकोळ खर्चासह ३६,००० धरा, गटातून शेकडा एक रुपयाने घ्या आणि वर्षाने फेडा. व्याज ४,३२०. पगार तोच, काम तेच, पण फायदा आता २,२३,६८०. दुपटीहून जास्त. पगाराच्या आकड्यात काहीच बदल नाही. फरक पडला तो जाताना डोक्यावर किती कर्ज घेतलं याचा. गिरमिटियाचा आगाऊ पगारही असाच त्याच्या मानेवर बसला होता.

बायांसाठी काही नियम वेगळे आहेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परवानगीची अट असते, आणि आखातासह ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाची मंजुरी लागते. ते कार्यालय मुंबईतही आहे. अशा पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तीसच्या वर हवं, आणि २०१६ पासून ही भरती खासगी एजंटांकडून करायची नाही, सरकारी संस्थांमार्फतच करायची, असा नियम आहे. नियम आपल्या रक्षणासाठी आहेत. पण त्यातून एक चोरवाट निघाली: "मंजुरीची कटकट नको, फिरायच्या व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो." ही वाट धरली की सरकारी कागदावर ती बाई कामगारच राहत नाही. पगार बुडाला तरी दाखवायला करार नसतो. विम्याचंही तसंच. मंजुरी घेऊन गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचं संरक्षण मिळतं, आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आहे.

म्हणून गटात कर्जाचा अर्ज आला, की बैठकीत हे सहा प्रश्न मोठ्याने वाचा. हातात किती पडणार? काम सोडता येणार का? परतीचा खर्च कोणाचा? मागे ओझं कोणावर, आणि पैसा कोणाच्या खात्यात? एजंटची नोंदणी ई-मायग्रेटच्या यादीत तपासली का? व्हिसा कामाचाच आहे का? कराराची, पासपोर्टची आणि व्हिसाची एक-एक प्रत गटाच्या दप्तरात ठेवा. अडचणीच्या वेळी घरच्यांना धावपळ करायला तीच उपयोगी पडते.

सहाही उत्तरं नीट असतील, तर जाणाऱ्या बाईला गटाने हसतमुखाने कर्ज द्यावं. बाई परदेशी गेली म्हणून नावं ठेवणाऱ्यांची तोंडंही गटानेच बंद करावीत. आणि एकाही प्रश्नाला "ते तिथे गेल्यावर बघू" असं उत्तर आलं, तर पैसे तेवढ्यापुरते थांबवा. जे बघायचं ते निघण्यापूर्वीच बघून घेता येतं. गिरमिटाच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला तो वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. आपल्या गावात आज वाचणाऱ्या बाया आहेत.